सदतीस अंश

नागपुरात मे महिन्यात लॅबची खोली आतल्या इन्क्युबेटरपेक्षा, म्हणजे जीवाणू उबेत वाढवायच्या पेटीपेक्षा, गरम होऊ शकते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी इथेच वाढले. रात्री अकरा वाजता गच्चीच्या कठड्याला हात लावला तरी चटका बसतो, हे लहानपणापासून ठाऊक. तरीही २००९ च्या मे महिन्यात मी रोज सकाळी लॅबच्या वहीत ‘तापमान ३७’ असं लिहीत राहिले, थर्मामीटरकडे न बघता. त्या सवयीपायी माझ्या पीएचडीचं जवळजवळ एक वर्ष गेलं. आणि आजवर मी ज्या प्रश्नाच्या मागे आहे, तो प्रश्नही तिथेच हाती लागला.

पण सुरुवात त्याच्याही आधीची आहे. बाबांचं नागपूरच्या महाल भागात औषधांचं दुकान होतं. काउंटरच्या कडेला सुतळीला बांधलेली एक कात्री लोंबकळत असायची. दहा गोळ्यांची अख्खी स्ट्रिप घेणारा माणूस क्वचित. ‘चार द्या, बरं वाटलं तर ठीक, नाहीतर उद्या येतोच,’ म्हणणारे जास्त. बाबा कात्री चालवायचे आणि प्रत्येकाला तेच सांगायचे, “डॉक्टरनं पाच दिवसांचं लिहिलं आहे जी, मध्येच सोडू नका.” दहावीत असताना मी त्यांना विचारलं होतं, गोळ्या अर्ध्यावर सोडल्या हे जंतूंना कळतं कसं? बाबा म्हणाले, “शिकत असतील ते.”

जीवाणू शिकत नाहीत हे मला एम.एस्सी.ला आल्यावर समजलं. लेडरबर्ग पतिपत्नींनी १९५२ साली केलेला प्रयोग आमच्या मॅडमनी फळ्यावर काढून दाखवला, तो दिवस अजून आठवतो. एका प्लेटवर जीवाणूंच्या वसाहती, म्हणजे एकेका जीवाणूपासून वाढलेले ठिपके, वाढवायच्या. मखमलीचं निर्जंतुक कापड त्यावर हलकेच दाबायचं आणि तोच ठसा औषध घातलेल्या दुसऱ्या प्लेटवर उमटवायचा. दुसऱ्या प्लेटवर जिथे एखादी वसाहत जगते, त्याच जागी पहिल्या प्लेटवर जाऊन बघायचं. तिथल्या जीवाणूंनी औषध कधी पाहिलेलंच नसतं, तरी ते औषधाला दाद देत नाहीत. म्हणजे औषध त्यांना घडवत नाही. ते आधीपासून असतात. औषध बाकीच्यांना मारून त्यांना रान मोकळं करून देतं.

आणि मग जपानची गोष्ट. १९५० च्या दशकात तिथे आमांशाचे असे जीवाणू सापडू लागले की चार-चार औषधं एकदम निकामी. एकेका औषधासाठी वेगळा बदल घडत गेला म्हणावं, तर चारही एकाच झटक्यात कसे घडतील? १९५९ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की ही ताकद एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे नुसत्या स्पर्शाने जाते. आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलायकडून आमांशाच्या शिगेलाकडेही जाते. पुढे १९६३ मध्ये त्सुतोमु वातानाबे यांनी हे सगळं इंग्रजीत मांडलं आणि जगाचं तिकडे लक्ष गेलं. ही ताकद वाहून नेतं ते प्लास्मिड. जीवाणूच्या मुख्य गुणसूत्रापासून वेगळं, डीएनएचं एक कडं. त्या दिवशी घरी येऊन मी बाबांना सांगितलं की शिकत नाहीत, एकमेकांना देतात. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “परत मागता येत नाही का ते?”

माझी पीएचडी म्हणजे बाबांचा तोच प्रश्न होता. औषध थांबवलं तर जीवाणू प्लास्मिड टाकून देतात का? टाकावं, असं तर्क सांगतो. अडीच लाख अक्षरांचा डीएनए दर पिढीला नकलून काढायचा, त्यावरची प्रथिनं बनवायची. औषध नसेल तर हा सगळा फुकटचा भार. भार नसलेले जीवाणू भराभर वाढावेत आणि भारवाल्यांना मागे टाकावं.

जीवाणू आम्ही शहरातून आणले. नाग नदी वाडीजवळच्या लाव्हा टेकड्यांत उगम पावते, अंबाझरीवरून शहराच्या पोटात शिरते, पुढे पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. शहरात तिला येऊन मिळणाऱ्या एका नाल्यावर मी आणि आमचे लॅब अटेंडंट काका पहाटे जायचो. नाल्याचं नाव लिहीत नाही, तसे नाले प्रत्येक शहरात आहेत. निर्जंतुक बाटली दोरीने सोडायची, पाणी भरलं की बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि काही तासांच्या आत लॅबमध्ये गाळून घ्यायची. गाळणीच्या पडद्याची छिद्रं ०.४५ मायक्रोमीटरची, त्यावर जीवाणू अडकतात. तो पडदा सेफोटॅक्झिम हे औषध घातलेल्या मॅकॉन्की अगारच्या, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर पसरवायचा. दुसऱ्या दिवशी गुलाबी वसाहती. त्या औषधात एकही वाढायला नको होती, आणि प्लेट भरून गेलेली असायची. काका पहिल्यांदा पाहून म्हणाले, “बाप्पा! एवढे?” मलाही दुसरा शब्द सुचला नव्हता.

त्यातली सत्तेचाळिसावी निवडली. वहीत तिचं नाव ‘ना-४७’. साधी ई. कोलाय. तिच्याकडे सीटीएक्स-एम-१५ नावाचं जनुक होतं. सेफोटॅक्झिमसारख्या औषधांचा कणा तोडणारं विकर त्यातून बनतं, आणि हे जनुक सगळ्यात आधी वर्णिलं गेलं ते भारतातल्याच रुग्णांकडून आलेल्या जीवाणूंत, २००१ मध्ये. ना-४७ मध्ये ते एका मोठ्या प्लास्मिडवर बसलेलं होतं.

प्रयोग दिसायला सोपा. औषध नसलेल्या पोषक द्रवात जीवाणू वाढवायचे. रोज सकाळी त्यातला एक भाग हजार भाग ताज्या द्रवात घालायचा. एकाचे हजार होईपर्यंत साधारण दहा पिढ्या होतात, म्हणून तीस दिवसांत तीनशे पिढ्या. मधूनमधून शंभर वसाहती घ्यायच्या, प्रत्येक वसाहत निर्जंतुक टूथपिकने आधी औषध असलेल्या आणि मग साध्या प्लेटवर टेकवायची आणि कितींनी ताकद टिकवली ते मोजायचं. सोपा असला तरी त्यात एकही दिवस चुकवता येत नाही. रविवार नाही, लग्नकार्य नाही. मावसबहिणीच्या हळदीच्या दिवशी सकाळी सहाला मी लॅबमध्ये होते.

एप्रिलच्या मध्यात सुरू केलं. विसाव्या दिवशी निम्म्या वसाहतींनी प्लास्मिड टाकलेलं. तिसाव्या दिवशी शंभरात आठच उरल्या. मी मोजणी तीनदा केली. आनंदाने हात कापत होते. औषध थांबवा, ताकद आपोआप जाते. म्हणजे शहराने, देशाने जरा संयम पाळला तर हे सगळं मागे फिरवता येईल. संध्याकाळी दुकानात जाऊन बाबांना सांगितलं. बाबांनी त्या आठवड्यात किती गिऱ्हाइकांना सांगितलं असेल देव जाणे, “माझ्या मुलीनं सिद्ध केलं आहे जी, उगाच घेऊ नका, थांबवलं की जंतू पुन्हा साधे होतात.”

ऑगस्टमध्ये एका परिषदेत पोस्टर लावलं. तिघांनी माहिती मागून घेतली. गाईड सर मात्र एवढंच म्हणाले, “पुन्हा एकदा कर. थंडीत कर, कूलरचा गोंगाट नसतो.” ते सहज बोलले होते. डिसेंबरमध्ये केलं. तिसाव्या दिवशी शंभरपैकी शंभर वसाहती औषधात वाढल्या.

पुढचे तीन महिने वाईट गेले. आधी वाटलं भेसळ झाली, दुसराच जीवाणू शिरला. तपासलं, ना-४७च होती. द्रव बदलून पाहिला, काचसामान नवीन आणलं. फ्रीजरमधून मूळ साठा काढून पुन्हा सुरुवात केली. शंभरपैकी शंभर. मे महिन्याचा निकाल परत येईना, आणि तो खोटाही ठरवता येईना, कारण त्या वेळच्या प्लास्मिड गमावलेल्या वसाहती उणे ऐंशी अंशांत जपून ठेवलेल्या होत्या. त्या खरोखरच साध्या झालेल्या होत्या.

कोडं सुटलं ते काकांमुळे. मी शेकरपाशी डोकं धरून बसले होते. काका फरशी पुसत होते. म्हणाले, “मॅडम, मे महिन्यात या मशीनला हात लावता येत नव्हता जी. आता बघा कशी गार आहे.”

आमचा शेकर जुना होता. फ्लास्क हलवत ठेवणारं आणि ऊब देणारं यंत्र. ऊब देणारं फक्त, गार करणारं नाही. ३७ वर काटा लावला की खोली त्याहून थंड असेतोवर तो इमानाने ३७ धरतो. खोलीच ४० च्या वर गेली, मोटरची उष्णता तिच्यात मिसळली, की यंत्राच्या हातात काही राहत नाही. आणि मी रोज काटा बघून वहीत ३७ लिहीत होते. आत थर्मामीटर लटकलेला होता. वाकून बघायला पाच सेकंद लागली असती.

सरांच्या टेबलावर वही ठेवून मी हे सांगितलं तेव्हा रडले. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी ती पानं सावकाश उलटली, आणि म्हणाले, “आता ४०, ४२, ४४ ला मुद्दाम करून बघ. मग बोलू.”

पाण्याच्या टबमध्ये, दर दोन तासांनी थर्मामीटर वाचत केलं. ३७ ला सगळी प्लास्मिडं जागच्या जागी. ४२ च्या पुढे गळती सुरू. उष्णतेने प्लास्मिड घालवणं ही तर जुनी, पुस्तकात छापलेली पद्धत आहे. फार तापलं की काही प्लास्मिडांची नक्कल वेळेत होत नाही, पेशी दुभंगते आणि एका लेकीच्या वाट्याला काहीच येत नाही. जीवाणूंनी आपणहून भार टाकला नव्हता. नागपूरच्या उन्हाने तो काढून घेतला होता. पुढच्या मे महिन्यात त्याच यंत्रात, पाण्याच्या फ्लास्कमध्ये थर्मामीटर बुडवून ठेवला. दुपारी तीनला ४३.

माहिती मागणाऱ्या तिघांना पत्रं लिहिली. सरांचा आग्रह होता की ते आकडे प्रबंधात यायलाच हवेत, वेगळ्या प्रकरणात, चुकीसकट. ते आहेत.

बाबांना सांगणं सगळ्यात कठीण गेलं. दुकानात गर्दी नव्हती. मी म्हटलं, “बाबा, ते तसं नाहीये. औषध थांबवलं तरी जात नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “बरं,” म्हणाले, “मग परत सांगतो सगळ्यांना.” आणि खरंच सांगत राहिले. या व्यवसायात माणूस स्वतःची चूक कशी दुरुस्त करतो हे मी कुठल्या परिषदेत शिकले नाही, त्या काउंटरपाशी शिकले.

का जात नाही, हे पुढे हळूहळू उमगलं. अनेक प्लास्मिडांवर दोन जनुकांची एक जोडी असते. एक टिकाऊ विष बनवतं, दुसरं त्याचा लवकर विरघळणारा उतारा. पेशीने प्लास्मिड टाकलं की उतारा संपतो, विष उरतं, आणि ती लेक मरते किंवा तिची वाढ थांबते. जपानमध्येच १९८३ साली ही जोडी पहिल्यांदा दाखवली गेली. शिवाय काही शे पिढ्यांत जीवाणू स्वतःतच लहानसहान बदल करून भार हलका करून घेतो. बोचकं तेच, पण पाठीला सवय झालेली. म्हणून ‘औषध कमी वापरा’ हे बरोबरच आहे, ते नवी वाढ रोखतं. पण तेवढ्याने जुनं परत जाईल असं मी आता कुणालाच सांगत नाही.

तापमानाचा हिशेब इथेच मिटला असता. वही मिटताना सरांनी विचारलं, “माणसाच्या अंगात ३७. नाल्यात किती?”

मला सांगता आलं नाही. तीन वर्षं त्या नाल्याचं पाणी आणत होते, एकदाही थर्मामीटर बुडवला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे काकांबरोबर गेले. जानेवारी होता, श्वासाची वाफ दिसत होती. पाणी २१ अंश. दुपारी पुन्हा गेले, २४.

माझ्या कामाचा दुसरा भाग त्या वेळी अडकलेला होता. ना-४७ आपलं प्लास्मिड दुसऱ्याला देते का? त्यासाठी ती आणि जे-५३ नावाची ई. कोलाय एकत्र ठेवायची, याला आम्ही मेटिंग म्हणतो. जे-५३ वर सोडियम अझाइडचा परिणाम होत नाही. मग सोडियम अझाइड आणि सेफोटॅक्झिम दोन्ही असलेल्या प्लेटवर पसरवायचं. नुसती ना-४७ अझाइडने मरते, नुसती जे-५३ औषधाने. जगेल ती फक्त प्लास्मिड मिळालेली जे-५३. आठ महिने या प्लेटा कोऱ्या निघत होत्या. मी लिहूनही टाकलं होतं की हे प्लास्मिड हस्तांतर होत नाही. सगळं अर्थात ३७ अंशांवर.

तेच मिश्रण २५ अंशांवर रात्रभर ठेवलं. दोन दिवसांनी प्लेट काढली तेव्हा तिच्यावर वसाहती होत्या. मोजण्याइतक्या, वेगवेगळ्या, स्वच्छ. मी खुर्चीत बसूनच राहिले. काका विचारत होते, “काय झालं जी?” आणि मला उत्तर देता येईना.

हे जगाला नवीन नव्हतं, हे मी त्याच आठवड्यात वाचनालयात शोधून काढलं. ना-४७चं प्लास्मिड इन्क-एच-आय-२ गटातलं निघालं, आणि या घराण्यातली प्लास्मिडं साधारण २२ ते ३० अंशांत देवाणघेवाण करतात, ३७ ला हात आखडता घेतात, हे कितीतरी आधी नोंदलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं. पण आपल्या नाल्यातल्या, आपल्या औषधाच्या जनुकाबाबत ते डोळ्यांनी पाहणं वेगळं. माणसाच्या अंगात जे गप्प बसतं, ते नाल्यात हात पसरतं. आणि आपण त्याला शोधतो ते मात्र माणसाच्या अंगाच्या तापमानावर, कारण यंत्राचा काटा तिथे लावलेला असतो.

ऑगस्ट २०१० मध्ये एनडीएम-१ चा गदारोळ झाला. कार्बापेनेम ही राखून ठेवलेली औषधंही तोडणारं ते जनुक, आणि त्याला दिलेलं नवी दिल्लीचं नाव. वर्तमानपत्रांत नावावरच भांडण चाललं होतं. माझी शाळेतली मैत्रीण तेव्हा एका रुग्णालयात रेसिडेंट होती. ती रात्री फोन करायची, रिपोर्ट वाचून दाखवायची. औषधामागून औषध, पुढे ‘आर’, ‘आर’, ‘आर’, म्हणजे औषध निकामी. शेवटी कोलिस्टिन तेवढं उरायचं, मूत्रपिंडाला त्रास देणारं. ती विचारायची, “तू काय करते आहेस तिथे?” मी म्हणायची, नाल्याचं पाणी मोजते आहे. हे सांगताना मला लाज वाटायची.

मग एप्रिल २०११ मध्ये दिल्लीच्या पाण्यावरचा शोधनिबंध आला. रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत ते जनुक सापडलं होतं. त्यात एक वाक्य होतं, त्याखाली मी पेन्सिलने दोन रेघा मारल्या: प्लास्मिडांची देवाणघेवाण ३० अंशांवर सर्वाधिक झाली, २५ किंवा ३७ पेक्षा जास्त. मैत्रिणीला फोन केला आणि ते वाक्य वाचून दाखवलं. ती जरा वेळाने म्हणाली, “म्हणजे आम्ही वॉर्डात भांडतोय आणि गटारात हरतोय.” त्यानंतर नाल्याचं पाणी मोजते हे सांगताना मला कधी लाज वाटली नाही.

पीएचडी २०१२ मध्ये झाली. मग चार वर्षं बाहेरगावी, त्यात सांगण्यासारखं फार नाही. बरंच शिकले, बरीच एकटी होते. त्याच काळात, मार्च २०१४ पासून, शेड्यूल एच-१ हा औषधविक्रीचा नियम लागू झाला. वरच्या पिढीची प्रतिजैविकं विकताना वेगळं रजिस्टर ठेवायचं, रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं. बाबा तेव्हा पासष्टीला आलेले. सुट्टीत घरी आले की ते रजिस्टर मला दाखवायचे. आखलेल्या रेघा, ठसठशीत अक्षर. कात्री तेव्हाही सुतळीला होतीच, पण त्या रजिस्टरमधल्या औषधांना ते ती लावू देत नव्हते. त्यापायी काही जुनी गिऱ्हाइकं तुटली. बाबांनी त्याबद्दल तक्रार केलेली मला आठवत नाही.

२०१६ मध्ये नागपूरला परतले. स्वतःची लहान लॅब, दोन विद्यार्थी. पहिलं काम म्हणून ना-४७ फ्रीजरमधून बाहेर काढली. आता तिचं अख्खं प्लास्मिड वाचणं शक्य होतं. आधी लहान तुकड्यांनी वाचलं, तर जोडताना गुंता. एकच पुनरावृत्त तुकडा, आयएस-२६, जागोजागी बसलेला, आणि संगणकाला कळेना कुठला कुठे लावायचा. लांब वाचन करणारं तंत्र हाती आलं तेव्हा एका फटक्यात पूर्ण कडं मिळालं. त्यावर सीटीएक्स-एम-१५ एकटं नव्हतं. शेजारी पाऱ्याला तोंड देणारी जनुकं होती, टेल्युराइटला तोंड देणारी होती. विद्यार्थिनीने टेल्युराइटच्या प्लेटवर ना-४७ रेखाटली, तर काळ्याभोर, काजळासारख्या वसाहती उगवल्या. म्हणजे नाल्यात औषध नसलं तरी पारा किंवा तशी दुसरी धातू असली, की तीच धातू या कड्याला सांभाळत राहते, आणि औषधाचं जनुक त्याच गाडीत बसून पुढे जातं. बाबांच्या प्रश्नाचं हे आणखी एक उत्तर. ते सांगायला गेले तेव्हा दुकान धाकट्या भावाकडे गेलं होतं. बाबांनी कागदावर ते कडं काढून घेतलं माझ्याकडून, जनुकांची नावं मराठीत लिहायला लावली, आणि तो कागद रजिस्टरच्या पुठ्ठ्यात ठेवला.

लॅबमध्ये आता गार करणारे इन्क्युबेटर आहेत. तरी वहीत दोन रकाने आहेत: यंत्र काय म्हणतं, आणि आतला थर्मामीटर काय म्हणतो. तिसरा रकाना नाल्याचा. तिथे पहाटे जायचं काम गेली दोन वर्षं एक विद्यार्थी करतो, काकांचा नातू. गेल्या मे महिन्यात पावणेपाचला त्याचा फोटो आला, दोरीला बांधलेली बाटली आणि शेजारी थर्मामीटर. खाली लिहिलं होतं, “मॅडम, पाणी २९.५. आजच लावू का मेटिंग, ३० ला?”

मी लिहिलं, “लाव. आणि खोलीचंही लिही.”